हातोदच्या रस्त्यावर तू विचारलं होतंस

शैला,

परवा तुझ्या उठावण्याला, तिसऱ्या दिवशीच्या शोकसभेला, सगळे जमले होते, तेव्हा मी बोलायला उभा राहिलो. घसा खाकरला, "फार चांगली होती" एवढं म्हटलं आणि खाली बसलो. शेजारच्यानं माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला. लोकांना वाटलं, दादांना भरून आलं. भरून आलं नव्हतं, शैला. मी घाबरलो होतो.

माझ्या आधी आपल्या हॉस्पिटलच्या आताच्या मेट्रन बोलल्या. चांगल्या आहेत, मनात काही नसतं त्यांच्या. म्हणाल्या, "शैला सिस्टर फार श्रद्धाळू होत्या. कधीकधी ती श्रद्धा कामाच्या आड आली, वो साँप वाला केस तो सबको पता ही है, पण मन एकदम साफ." सगळ्यांनी माना डोलावल्या. तुझी लेक मेघना पहिल्या रांगेत होती. तिनं मान हलवली नाही. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हे लिहितानासुद्धा उठतोय, गॅलरीत जातोय, परत येतोय. आतून हिचा आवाज येतो, "अहो, बसून घ्या ना जरा! मघापासून काय चक्कर लावून राहिलात?" तिला अजून सांगितलेलं नाही. तिच्याआधी तुला सांगतो. तुला माहीत होतं असं मला आता वाटतं, पण माहीत असणं वेगळं आणि माझ्या तोंडून ऐकणं वेगळं. ते तुझं राहिलं.

तू कॅज्युअल्टीत आलीस तेव्हा मी तिथे जुना झालो होतो. शीर कशी शोधायची, घाबरलेल्या माणसाच्या हातात सुई कशी घालायची, हे मी तुला शिकवलं. बाकीचं तू येतानाच घेऊन आली होतीस. रिकाम्या वॉर्डात "आज शांत आहे" असं कुणी म्हणायचं नाही. म्हटलं की गर्दी होते. मी मुद्दाम म्हणायचो, "वा शैला, काय शांतता आहे आज!" आणि एकदा मी ते म्हटलं आणि महूच्या रस्त्यावर उलटलेल्या बसची माणसं यायला लागली. त्या धावपळीत, एकाच्या डोक्याला पट्टी गुंडाळता गुंडाळता तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "बोला, अजून बोला!"

आणि ती कैची. कैची तू कधी कुणाच्या हातात दिली नाहीस. हातात दिली की भांडण होतं म्हणे. तू ती ट्रेमध्ये ठेवायचीस आणि समोरच्यानं तिथून उचलायची. मी वैतागायचो, "अगं हातात दे ना, रक्त वाहतंय इथे!" तू शांतपणे ट्रे पुढे करायचीस. माझी कैची माझ्या खिशात असायची, राजवाड्यामागच्या बाजारातून घेतलेली, जाड पात्यांची. तुला चिडवायला मी ती खिशातल्या खिशात रिकामीच कचकच वाजवायचो. रिकामी कैची चालवली की घरात कलह होतो, हेही तुझंच. "दादा, वहिनींशी भांडायची हौस आहे का?" असं तू विचारायचीस आणि वॉर्डबॉयसुद्धा हसायचे.

आपलं खरं भांडण मात्र याच्याहून मोठं होतं आणि ते कधी मिटलं नाही. पेशंटच्या अंगावरचं तू काहीही न विचारता काढायची नाहीस. मंगळसूत्र असो, तावीज असो, मनगटावरचा नाडा असो. ईसीजी काढायचा आहे, हात सुजलाय, डॉक्टर ओरडतायत, आणि तू पेशंटच्या आईला विचारतेयस, "माजी, हे तुम्ही काढता की मी काढू?" मग ते एका फडक्यात बांधून त्यांच्या हातात द्यायचं. तुझं ठरलेलं वाक्य होतं, "दोन मिनिटं, दादा." मी म्हणायचो, या दोन मिनिटांत माणूस जातो. तू म्हणायचीस, या दोन मिनिटांत माणूस आपल्यावर भरवसा ठेवायला लागतो. त्या बुरख्यातल्या आजी आठवतात? छातीत कळ येत होती आणि पुरुष डॉक्टरला जवळ येऊ देत नव्हत्या. तू चार चादरी लावल्यास, आत एकटी गेलीस, वायरी लावल्यास आणि कागद तेवढा बाहेर आणलास. डॉक्टर म्हणाले, वाचल्या. मी तेव्हाही म्हणालो, "वेळ गेलाच ना पण."

आता हेही लिहायलाच हवं की तू नेहमी बरोबर नव्हतीस. ते लिहिलं नाही तर हा लेख खोटा होईल. ती कॉलेजची मुलगी, पोट धरून आलेली, बरोबर आई. लग्न झालेलं नाही म्हणून तू तिला पाळीचं, दिवस राहिल्याचं काही विचारलंच नाहीस. आईसमोर असं कसं विचारायचं, चांगल्या घरची दिसते, असं तुझ्या मनानं परस्पर ठरवून टाकलं. गॅसचं दुखणं म्हणून ती पडून राहिली आणि आत रक्तस्राव होत होता. तिचा चेहरा पांढरा पडला तेव्हा सगळे धावले. ती वाचली, पण अगदी काठावरून. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडलो. तू चादरींच्या खोलीत जाऊन रडलीस. आणि नंतर काय केलंस? त्यानंतर प्रत्येक वेळी तू आईला "माजी, जरा चहा घेऊन या ना" म्हणून बाहेर पाठवायचीस आणि मुलीला एकटीला विचारायचीस. नव्यानं आलेल्या प्रत्येक पोरीला तू तुझी ती चूक स्वतः सांगायचीस. नाव तुझं, चूक तुझी, आडपडदा न ठेवता. मी ऐकत उभा असायचो आणि मनात म्हणायचो, बाई वेडी आहे, स्वतःचीच बदनामी करते.

ती बदनामी पुढे माझ्या कामी आली. तू स्वतः सांगितलेली ती एक चूक सगळ्यांना पाठ होती. म्हणून दुसरी चूक तुझी म्हणून सांगितली तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही.

त्या दुपारचं सांगतो.

हातोदच्या पलीकडच्या गावातून जीप आली. सोयाबीनच्या शेतात निंदणी करताना रामप्रसादच्या पायाला साप चावला होता. साप हा शब्द त्यांच्यातलं कुणी उच्चारत नव्हतं, सगळे "कीडा, कीडा" म्हणत होते. बरोबर त्याची आई आणि दोघे भाऊ. गुडघ्याखाली तांती बांधलेली. सापापासून राखणाऱ्या तेजाजी महाराजांच्या नावानं साप चावलेल्याला हा धागा बांधतात आणि तो भाद्रपदातल्या तेजादशमीला त्यांच्या ठाण्यावर, देवस्थानी, जाऊनच सोडायचा, तोवर नाही, हे आपल्या माळव्यात लहान मुलालाही माहीत असतं. एरवी साधा धागा असतो. यांनी भीतीनं सुतळीसारखा जाड पीळ घालून करकचून बांधला होता. पाय खाली निळसर, फुगलेला.

डॉक्टर शेजारच्या पलंगावर अपघाताच्या पेशंटमध्ये अडकले होते. त्यांनी तिथूनच सांगितलं, सलाईन लावा, इंजेक्शन मागवा, ते सुरू झाल्याशिवाय बांधलेलं सोडू नका, मी आलोच. मी ते ऐकलं होतं. शैला, हे वाक्य मी नीट ऐकलं होतं.

तू सलाईन लावलंस. औषध वरच्या मजल्यावरून यायचं होतं, म्हणजे थांबायचंच होतं. तो वेळ तू त्या म्हाताऱ्या आईला दिलास. ती हात जोडून, कापू नका म्हणून विनवत होती, "तांती मती काटजो बेन, महाराज की आन है." तू तिच्यासमोर उकिडवी बसलीस आणि तिच्याच बोलीत म्हणालीस, "नी काटूं माजी. दवाई आवे तब आप खोलजो, आपका हाथ से. फेर आपका हाथ में बांध लीजो, ढीली. दसमी तक आप संभालजो." म्हातारी विचारात पडली. मग तिनं विचारलं, "पाप तो नी लागे?" तू म्हणालीस, "तांती टूटी थोड़ी, माजी. बेटा का पाँव से माँ का हाथ में आई." म्हातारी उठली. धागा सोडायचा तर हातपाय धुऊन सोडायचा म्हणून ती नळाकडे गेली. भाऊ दारात उभे होते, त्यांनीही मान डोलावली. तू औषध कुठवर आलं ते बघायला जिन्याकडे गेलीस.

तेवढ्यात मी आलो. अपघाताच्या पेशंटचं रक्त माझ्या बाहीला लागलेलं होतं. मी तो पाय पाहिला, त्यात रुतलेला धागा पाहिला. मला राग आला. कशाचा, हे मी इतकी वर्षं वेगवेगळं सांगत आलो स्वतःला. पेशंटच्या काळजीपोटी, असं बरेच दिवस सांगितलं. खरं सांगायचं तर मला त्या लोकांचा राग आला. आमच्या घरात चार पिढ्या इंदूरच्या कचेऱ्यांत गेल्या. खेड्यातून आलेला माणूस घाबरट, अडाणी, ओरडून काम बिघडवणारा, हे आम्ही जेवताना बोलायचो. ते माझ्या अंगात होतं. मी तुझ्या शकुन-अपशकुनांना हसायचो आणि हे माझं कधी मला दिसलंच नाही. मी खिशातून कैची काढली, धागा कापला आणि कैची परत खिशात टाकली.

औषध सुरू झालं नव्हतं. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. म्हणजे शास्त्राप्रमाणेसुद्धा मी चूक होतो. पुढे मी शास्त्राच्या नावानं इतकं बोललो, त्यातलं शास्त्र त्या क्षणी माझ्या हातात नव्हतंच.

म्हातारी ओले हात घेऊन परत आली. धागा फरशीवर पडला होता. तिनं जो आवाज काढला तो मी लिहू शकत नाही. भाऊ आत धावले. "काट दी! इनने तांती काट दी!" रामप्रसाद शुद्धीत होता, तोही रडायला लागला. महाराजांचं रक्षण गेलं, आता इथे ठेवून उपयोग नाही, ठाण्यावर न्या. सुई ओढून काढली, उचललं आणि नेलं. तू औषध हातात घेऊन जिन्यावरून धावत आलीस, त्यांच्या मागे फाटकापर्यंत पळालीस. मी पळालो नाही. मी उभा होतो. दुसऱ्या दिवशी कळलं, ठाण्यावर पोहोचेपर्यंतच तो गेला.

चौकशी झाली. मला विचारलं, काय घडलं? मी म्हणालो, "सिस्टर नातेवाइकांशी तांतीबद्दल बोलत होत्या. मी शेजारच्या पेशंटकडे होतो. नातेवाईक चिडले आणि पेशंटला घेऊन गेले." यातलं एकही वाक्य खोटं नाही, शैला. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं. कुणी विचारलं, धागा कापला कुणी? मी म्हणालो, गडबडीत लक्षात नाही. रामप्रसादच्या घरच्यांना विचारायला कुणी गेलं नाही आणि तूही कुणाचं नाव घेतलं नाहीस. त्यांनीच पुढचं जोडून घेतलं: सिस्टरनी श्रद्धेपायी वेळ घालवला, मग घाबरून धागा कापला. त्या मुलीची जुनी गोष्टही कुणीतरी काढली. तुला लसीकरणाच्या खोलीत पाठवलं. कॅज्युअल्टीत तू परत आली नाहीस. इनचार्ज मी झालो.

तुझी बदली झाली त्या भाद्रपदात तू मला म्हणालीस, "दादा, दशमीला हातोदकडे सोडाल का? बस फार भरून जातात त्या दिवशी." मी कशाला म्हणून विचारलं नाही. तुझ्या पर्समध्ये तो धागा होता हे मला माहीत होतं, कारण फरशीवरून तो उचलताना मी तुला पाहिलं होतं. कापलेला असला तरी दशमीला तो ठाण्यावर पोहोचवायचा, एवढंच तुझ्या मनात असणार. स्कूटर लावून मी भुट्टेवाल्याजवळ थांबलो. तू गर्दीत गेलीस. परत आलीस तेव्हा तुझे डोळे लाल होते आणि कपाळाला शेंदूर होता. मी थट्टा केली, आजही त्याची लाज वाटते. म्हणालो, "झालं का महाराजांचं रजिस्टर पूर्ण?" तू हसली नाहीस. मागे बसलीस.

बरंच अंतर आलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळं पडत चाललेलं सोयाबीन होतं. तू मागून विचारलंस, "दादा, त्या दिवशी तुमची कैची कुठे होती हो?"

मला तुझा चेहरा दिसत नव्हता. तू तो प्रश्न स्कूटरवर विचारलास, समोरासमोर नाही, हे मला आता कळतं. मला तोंड लपवायला जागा ठेवलीस.

मी म्हणालो, "ट्रेमध्ये असेल. का?"

तू म्हणालीस, "काही नाही. सावकाश चालवा."

त्यानंतर आपण इतकी वर्षं भेटत राहिलो. तू संक्रांतीला तिळगूळ घेऊन यायचीस, हिच्या गुडघ्यांची चौकशी करायचीस. तू तो प्रश्न परत विचारला नाहीस. आणि मी? मी नर्सिंगच्या मुलींना शिकवायला जायचो. तिथे ती गोष्ट सांगायचो. "एका सिस्टरनं धाग्याच्या नादात पेशंट घालवला." नाव घ्यायचो नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती.

काल मेघनाकडे गेलो. चप्पलसुद्धा काढली नाही, दारातच सगळं सांगून टाकलं. ती ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "काका, ही गोष्ट मी पहिल्यांदा कुठे ऐकली माहितेय? माझ्या मैत्रिणीकडून. तुमच्या क्लासमध्ये होती ती. घरी येऊन मी आईला विचारलं, तू खरंच असं केलंस? आई म्हणाली, आधी जेवून घे." पुढे म्हणाली, "मी जेवले नाही. बरेच दिवस तिच्याशी नीट बोललेच नाही. मला आता का सांगताय? जिथे सांगत होतात तिथे जाऊन सांगा ना."

तिचं बरोबर होतं. आज सकाळी हॉस्पिटलात गेलो. मेट्रनबाईंनी खुर्ची दिली, चहा मागवला. मी सगळं सांगितलं. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, "सर, अब इतने साल हो गए. सिस्टर पण गेल्या बिचाऱ्या. आता कशाला मनाला लावून घेता? तब्येत संभालिए आप." मी म्हटलं, मला मुलींसमोर बोलू द्या. त्या म्हणाल्या, "बघते, परीक्षा झाल्या की." उठताना माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. आपण म्हाताऱ्या पेशंटच्या खांद्यावर ठेवतो ना, तसा.

बाहेर येऊन कॅज्युअल्टीच्या दारात थोडा वेळ उभा राहिलो. आत एक तरुण सिस्टर एका बाईच्या हातातल्या बांगड्या काढत होती. कापत नव्हती. साबण लावून, हळूहळू फिरवत, बाईशी काहीतरी बोलत. तिला हे कुणी शिकवलं कोण जाणे. कदाचित तिचं तिलाच सुचलं असेल. मी उगाच त्याला तुझं नाव जोडणार नाही. पण मी तिथून लगेच निघू शकलो नाही.

म्हणून हे आपल्या मराठी समाजाच्या अंकासाठी लिहितोय. तो अंक त्या मेट्रनबाईंच्या सासूबाईही वाचतात, मेघनाही वाचेल, आणि जुन्या स्टाफपैकी जे उरलेत तेही वाचतील. तू गप्प का राहिलीस, याचा मी परवापासून विचार करतोय. मला वाचवायला? की मी स्वतःहून बोलेन याची वाट बघत? यातलं काहीही मानलं तरी मलाच बरं वाटतं, म्हणून मी काहीच मानत नाही. कदाचित तुला माझा फक्त कंटाळा आला असेल. तोही तुझा हक्क होता.

तुझे आभार मानावेत असं पुष्कळ आहे. तू मला आणलेल्या डब्यांबद्दल, बस उलटली त्या दिवशी "बोला, अजून बोला" म्हणाल्याबद्दल, स्वतःची चूक पोरींना सांगताना तुझा आवाज कधी खाली आला नाही त्याबद्दल. पण आज आभार मानले तर ते माझ्या सोयीचे होतील. आज फक्त उत्तर देतो. तू विचारलं होतंस, आपण हातोदहून परत येत होतो, तू मागे बसली होतीस.

ट्रेमध्ये नव्हती, शैला. कैची माझ्या खिशात होती.